पहिल्या चिठ्ठीच्या वेळीच सांगा

अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, गोळ्या घेणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा आणि तिच्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा. पाळी २८ दिवसांची आणि नियमित असेल, तर साधारण चौदाव्या दिवशी बीज सुटते आणि गर्भधारणा होते. अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी यायला हवी, ती येत नाही. उशीर झाला असेल म्हणून बाई आठवडाभर वाट पाहते आणि पस्तिसाव्या दिवशी घरीच लघवीची तपासणी करते. त्या दिवशी गर्भाचे वय तीन आठवडे असते. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. आपल्या मोजणीत तो बेचाळिसावा दिवस. म्हणजे हातात उरला एकच आठवडा. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पहिली तपासणी बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आठवड्यात होते. तोवर ती नळी मिटायची असेल तर मिटलेली असते, आणि उघडी राहायची असेल तर उघडी राहिलेली असते.

अपस्माराच्या काही गोळ्यांनी ही नळी उघडी राहण्याचा आणि बाळात इतर व्यंगे येण्याचा धोका वाढतो. त्या गोळ्यांवरचा 'गरोदरपणी घेऊ नये' हा इशारा या हिशेबापुढे टिकत नाही. ज्या दिवशी तो लागू होतो, त्या दिवशी त्याचा मोठा भाग वाया गेलेला असतो. म्हणून आमचे म्हणणे असे, की या धोक्याची माहिती गरोदर बाईला नव्हे, तर गोळी सुरू होणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि बाईला पहिल्या चिठ्ठीच्या वेळीच दिली पाहिजे. ती देणे ही डॉक्टरची जबाबदारी आहे. ती विचारणे ही रुग्णाची जबाबदारी असू शकत नाही, कारण जे ठाऊकच नाही ते कोणी कसे विचारणार?

आता धोका नेमका किती, ते पाहू. इथे 'गोळ्यांनी मूल व्यंग घेऊन येते' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी सारखेच नुकसान केले आहे. कोणतेही औषध न घेणाऱ्या बायकांच्या बाळांमध्येही शंभरात दोन-तीन बाळांना मोठे जन्मजात व्यंग असते. तुलना करायची ती या आकड्याशी. अशी तुलना करता यावी म्हणून गरोदर रुग्णांच्या नोंदवह्या सुरू झाल्या: ब्रिटन-आयर्लंडची १९९६ मध्ये, उत्तर अमेरिकेची १९९७ मध्ये, केरळची १९९८ मध्ये आणि अनेक देशांची मिळून चालणारी 'युरॅप' १९९९ मध्ये. बाळाचे काय होणार हे कळण्याआधीच आईची नोंद करायची आणि मग तिचा मागोवा घ्यायचा, ही त्यांची पद्धत. वाईट निकालाच्या तेवढ्याच कहाण्या गोळा झाल्या तर धोका फुगतो. आधी नोंद केली की तो खरा दिसतो.

'युरॅप'ने २०१८ मध्ये सात हजारांहून अधिक गरोदरपणांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात अपस्माराचे एकच औषध घेणाऱ्या बायका होत्या. मोठ्या व्यंगाचे प्रमाण असे निघाले: व्हॅल्प्रोएट १०.३ टक्के, फेनोबार्बिटल ६.५, फेनिटॉइन ६.४, कार्बामाझेपिन ५.५, टोपिरामेट ३.९, ऑक्सकार्बाझेपिन ३, लॅमोट्रिजिन २.९ आणि लेव्हेटिरॅसिटॅम २.८ टक्के. या यादीचा अर्थ नीट लावायला हवा. शेवटची तीन औषधे घेणाऱ्या बाईचा धोका औषध न घेणाऱ्या बाईच्या आसपासच आहे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बाईचा धोका चौपट आहे. तरीही तिच्याही दहापैकी नऊ बाळांना मोठे व्यंग नसते. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि ती एकत्रच सांगितली पाहिजेत. एकच सांगणे म्हणजे अर्धे खोटे बोलणे.

पण औषधाच्या नावापेक्षा मात्रेकडे कमी लक्ष जाते, आणि तिथेच खरी सुधारणा करता येते. व्हॅल्प्रोएट दिवसाला ६५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर हे प्रमाण ६.३ टक्के होते. ६५० ते १४५० मिलिग्रॅममध्ये ११.३, आणि १४५० च्या वर २५.२ टक्के. चारात एक बाळ. फेनोबार्बिटलचेही तसेच: दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत २.७ टक्के, १३० च्या वर ११.७. लॅमोट्रिजिन ३२५ मिलिग्रॅमच्या आत असेल तर २.५, वर गेले तर ४.३ टक्के. म्हणजे एखाद्या बाईला १५०० मिलिग्रॅम व्हॅल्प्रोएट वर्षानुवर्षे चालू आहे, फिट येत नाहीत म्हणून कोणी चिठ्ठी बदललेली नाही, आणि तिचे काम ८०० मध्येही भागले असते, तर तो फाजील भाग पोटातल्या बाळाच्या माथी विनाकारण मारला जातो. तीच चिठ्ठी पुन्हा लिहून देणे सोपे असते, पण ते निरुपद्रवी नसते.

कोणते औषध काय बिघडवते याच्याही ठरावीक जागा आहेत. व्हॅल्प्रोएटने पाठीचा कणा दुभंगलेला राहण्याचा धोका एक ते दोन टक्के होतो. फ्रान्समधील लिऑनच्या डॉक्टरांनी हे १९८२ मध्येच दाखवून दिले होते. शिवाय हृदयातील छिद्रे, दुभंगलेली टाळू, मूत्रमार्गाचे आणि हातापायांचे दोष आहेतच. टोपिरामेटने ओठ आणि टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो आणि बाळ वजनाने कमी भरते. फेनिटॉइनने चेहऱ्याची ठेवण बदलणे, बोटांची नखे आणि शेवटची पेरे खुरटी राहणे हे १९७० च्या दशकापासून नोंदलेले आहे.

सोनोग्राफीत जे दिसत नाही ते मात्र अधिक काळजीचे आहे. अमेरिका आणि ब्रिटनमधील एका अभ्यासात अशा बाळांची बुद्धी सहाव्या वर्षी मोजली गेली आणि २०१३ मध्ये निकाल आले. आईने लॅमोट्रिजिन किंवा फेनिटॉइन घेतले होते त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक १०८, कार्बामाझेपिनवाल्यांचा १०५ आणि व्हॅल्प्रोएटवाल्यांचा ९७. भाषा आणि स्मरणशक्तीतही तोच उतार होता. त्याच वर्षी डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींतून दिसले, की गर्भात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांत स्वमग्नतेच्या व्याधींचे प्रमाण ४.४ टक्के होते, इतर मुलांत दीड टक्का. २०२२ मध्ये नॉर्डिक देशांच्या अभ्यासाने टोपिरामेटबद्दलही असाच इशारा दिला. मेंदू पूर्ण नऊ महिने घडत असतो. म्हणून 'पहिले तीन महिने निघून गेले, आता काळजी नाही' हे व्हॅल्प्रोएटबाबत खरे नाही. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून बाईला दिलेला दिलासा तेवढ्यापुरताच खरा असतो.

इतके वाचून कोणालाही वाटेल, की मग गोळ्या बंदच करा. नेमकी हीच सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती दर वेळी घाईत घडते. तपासणीत दिवस राहिल्याचे कळते, गोळ्यांच्या पाकिटातला कागद वाचला जातो, घरातले कोणी तरी घाबरते आणि त्या रात्रीपासून गोळी बंद होते. नळी मिटून गेलेली असेल तर त्या दोषाचा धोका गोळी बंद केल्याने परत फिरत नाही. पण आईला आता संरक्षण राहत नाही. मोठी फिट आली की काही मिनिटे आईचा श्वास विस्कळीत होतो, प्राणवायू घटतो आणि बाळाचे ठोके मंदावतात. पोटावर पडून इजा होऊ शकते. फिट थांबता थांबली नाही तर दोघांच्याही जिवावर बेतते. अपस्मारात झोपेत होणारा आकस्मिक मृत्यू ही खरी गोष्ट आहे. नियंत्रणात नसलेल्या मोठ्या फिटमुळे त्याचा धोका सर्वांत जास्त वाढतो आणि गरोदर बायका त्याला अपवाद नाहीत. 'युरॅप'ने २०१६ मध्ये व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायकांचे तीन गट ताडून पाहिले होते. पहिल्या तिमाहीत गोळी चालू ठेवली त्यांच्यापैकी १६ टक्क्यांना गरोदरपणात मोठी फिट आली, दुसऱ्या औषधावर नेले त्यांच्यापैकी २९ टक्क्यांना, आणि बंद केली त्यांच्यापैकी ३३ टक्क्यांना. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. दिवस राहिल्याचे कळले तर गोळी चालू ठेवून दोन-चार दिवसांत न्यूरॉलॉजिस्टला गाठायचे, एवढे एक वाक्य प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ठळक लिहिलेले असावे.

मग गोळी बदलायची कधी? याचे उत्तर बदलण्याच्या पद्धतीतच आहे. व्हॅल्प्रोएटवरून लॅमोट्रिजिनवर जाण्याचे उदाहरण घेऊ. लॅमोट्रिजिन झपाट्याने वाढवले तर अंगावर पुरळ उठते आणि क्वचित ते कातडी सोलवटून काढणारे, जीवघेणे होते. त्यातच व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनचा निचरा अडवते, त्यामुळे रक्तातील पातळी दुपटीच्या घरात जाते. म्हणून व्हॅल्प्रोएट चालू असताना सुरुवात २५ मिलिग्रॅम एका दिवसाआड अशी करायची, दोन आठवडे. पुढचे दोन आठवडे रोज २५. त्यानंतर दर एक-दोन आठवड्यांनी २५ ते ५० ने वाढ. पुरेशी मात्रा गाठल्यावरच व्हॅल्प्रोएट हळूहळू उतरवायचे, आणि ते उतरले की अडथळा गेल्याने लॅमोट्रिजिनची पातळी आपोआप घसरते, म्हणून त्याची मात्रा पुन्हा वाढवायची. यातली एकही पायरी गाळता येत नाही. सगळे सुरळीत झाले तरी तीन-चार महिने सहज जातात. नंतर नव्या औषधावर फिट थांबतात का, हे पाहायला आणखी सहा महिने ते वर्ष. गरोदरपणाआधी किमान नऊ महिने फिट आली नसेल, तर ८४ ते ९२ टक्के बायकांना पूर्ण गरोदरपणातही ती येत नाही. त्या नऊ महिन्यांची किंमत एवढी आहे. हा सगळा वर्ष-दीड वर्षाचा हिशेब पस्तिसाव्या दिवशी हाती घेऊन काही उपयोग नाही.

मुलीला पंधराव्या वर्षी सकाळी उठल्यावर हात झटकू लागतात, हातातली वस्तू उडून पडते, मग एके दिवशी जागरणानंतर मोठी फिट येते. किशोरवयात सुरू होणारा हा अपस्मार ओळखीचा आहे, आणि त्यावर व्हॅल्प्रोएट फार चांगले चालते. चिठ्ठी लिहिली जाते. समोर आई-वडील बसलेले, मुलगी शाळेतली. अशा वेळी गर्भधारणेचा विषय काढायला डॉक्टर संकोचतो. 'अजून वेळ आहे' असे सगळ्यांनाच वाटते. पण ही गोळी दोन महिन्यांची नसते. या प्रकारच्या अपस्मारात ती अनेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते. मुलगी मोठी होते, बालरोगतज्ज्ञाकडून मोठ्यांच्या डॉक्टरकडे जाते आणि या बदलात न झालेले बोलणे कायमचे राहून जाते. दोघांनाही वाटते, की दुसऱ्याने सांगितले असेल.

माहिती रोखण्यामागे काळजी असते, असे म्हटले जाते. ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने १९७३ मध्ये, प्राण्यांवरील प्रयोगांत व्यंगे दिसलेली असतानाही, अपस्माराच्या औषधांच्या गर्भावरील धोक्याचा इशारा रुग्णांच्या हाती पडणाऱ्या कागदावर नको असे ठरवले. कारण काय, तर रुग्णांना विनाकारण चिंता वाटेल. डॉक्टरांना कळवायचे, रुग्णांना नाही. पुढची कित्येक दशके बायका व्हॅल्प्रोएट घेत राहिल्या. २०२० मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने या साऱ्याचा पाढा वाचला. बाईला चिंता वाटेल म्हणून तिच्याच शरीराबद्दलची गोष्ट तिच्यापासून लपवायची, हा विचार आजही तपासणीच्या खोलीत जिवंत आहे, आणि आम्हाला तो मुळीच मान्य नाही. चिंता वाटू द्या. चिंता वाटली तर ती प्रश्न विचारेल, आणि प्रश्न विचारला तर वर्षभर आधी गोळी बदलता येईल.

यावर दुसऱ्या टोकाचा उपाय म्हणजे बंदी. युरोपीय औषध संस्थेने २०१८ मध्ये नियम कडक केले: दुसरे औषध चालत असेल तर मूल होण्याच्या वयातील बाईला व्हॅल्प्रोएट नको, द्यायचेच तर पक्के गर्भनिरोधन, दरवर्षी तज्ज्ञाची भेट आणि धोका समजल्याची सही. २०२३ मध्ये टोपिरामेटलाही तशीच चौकट लावली गेली. ब्रिटनने तर जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालील कोणाही नव्या रुग्णाला, पुरुषालासुद्धा, हे औषध द्यायचे तर दोन तज्ज्ञांची संमती आवश्यक केली. नियमांची दिशा योग्य आहे. पण व्हॅल्प्रोएट हे वाईट औषध नाही. सर्वव्यापी अपस्मारात, म्हणजे फिट सुरुवातीपासूनच मेंदूच्या दोन्ही बाजूंत असते त्या प्रकारात, त्याच्या तोडीचे दुसरे नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत लेव्हेटिरॅसिटॅम त्याची बरोबरी करू शकले नाही. काही बायकांच्या फिट फक्त त्यानेच थांबतात. अशी बाई दुसरी दोन औषधे घेऊन पाहते, फिट येत राहतात, आणि सगळे समजून-उमजून ५०० मिलिग्रॅम व्हॅल्प्रोएटवर मूल होऊ द्यायचे ठरवते. तिला ते औषध नाकारण्याचा अधिकार कोणत्याही नियमाला नसावा. नियमाने बोलणे घडवून आणावे, बाईऐवजी निर्णय घेऊ नये. सहीचा कागद हे त्या बोलण्याचे साधन आहे. कागद भरला आणि बोलणे झालेच नाही, तर त्याने डॉक्टरचे तेवढे रक्षण होते.

या बोलण्यात गर्भनिरोधन आलेच पाहिजे आणि तेही नेमकेपणाने. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल आणि दिवसाला २०० मिलिग्रॅम किंवा अधिक टोपिरामेट यांच्यामुळे यकृत गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरके लवकर संपवते. गोळी रोज घेऊनही दिवस राहतात, आणि दोष बाईच्या विसराळूपणाला दिला जातो. लॅमोट्रिजिनचे उलटे आहे: इस्ट्रोजेनची गोळी त्याचीच पातळी निम्म्यावर आणू शकते आणि फिट परततात. तांबी किंवा संप्रेरकाचे गर्भाशयातले साधन यातल्या कोणाशीच भांडत नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतो हा स्त्रीरोगाचा विषय, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतो हा मेंदूचा. दोघांच्या मध्ये बाई उभी असते.

फॉलिक अ‍ॅसिडबद्दल मोजकेच. ते गर्भधारणेच्या आधी निदान एक ते तीन महिने सुरू हवे, दिवसाला किमान ०.४ मिलिग्रॅम. अनेक ठिकाणी ५ मिलिग्रॅम देतात. जास्त मात्रेने जास्त संरक्षण मिळते हे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे मात्रा डॉक्टरने ठरवावी. पण व्हॅल्प्रोएटचा धोका फॉलिक अ‍ॅसिडने पुसला जातो, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. ते घेऊनही नळीचे दोष झालेले आहेत.

ठरवून गरोदर राहिलेल्या, कमी धोक्याचे औषध घेणाऱ्या बाईचेही एक काम शिल्लक राहते आणि ते फार वेळा चुकते. गरोदरपणात लॅमोट्रिजिनचा निचरा दुप्पट-तिप्पट होतो, लेव्हेटिरॅसिटॅमचाही वाढतो. मात्रा तीच ठेवली तर रक्तातील पातळी निम्म्याखाली जाते आणि सहाव्या-सातव्या महिन्यात, वर्षानुवर्षे न आलेली फिट येते. म्हणून गरोदरपणाआधी, फिट बंद असताना, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त देऊन पातळी मोजून ठेवायची. तो तिचा स्वतःचा आकडा. मग दर महिन्याला मोजायचे, आणि पातळी त्या आकड्याच्या ६५ टक्क्यांच्या आसपास आली की मात्रा वाढवायची. 'गरोदर आहे म्हणून मात्रा वाढवू नका' हा सल्ला इथे उलटा पडतो: मात्रा वाढवूनही बाळापर्यंत आधीइतकेच औषध पोहोचत असते. बाळंतपणानंतर निचरा दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतो. वाढवलेली मात्रा पहिल्याच आठवड्यापासून उतरवली नाही, तर चक्कर, एकाच्या दोन वस्तू दिसणे आणि तोल जाणे सुरू होते, तेही हातात बाळ असताना. मात्रा कशी उतरवायची त्याचे वेळापत्रक प्रसूतीच्या आधीच लिहून दिलेले असावे.

तपासण्यांमध्ये ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांची अवयवांची सविस्तर सोनोग्राफी आणि गरज असेल तर हृदयाची वेगळी तपासणी. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम. अंगावर पाजायला बहुतेक सर्व औषधांवर हरकत नाही. गोळ्या घेते म्हणून आईला पाजू न देणे हा अजून टिकून असलेला गैरसमज आहे. रात्रीचे जागरण फिट आणते, म्हणून रात्रीचे एक पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्या कोणी करावे. बाळाचे कपडे जमिनीवर बसून बदलावेत आणि आईने एकटीने बाळाला अंघोळ घालू नये.

हे सगळे एका भेटीत सांगून होत नाही, आणि मुलगी पंधरा वर्षांची असताना यातले अर्धे तिला लागूही नसते. म्हणून दर वर्षीच्या भेटीत, तिचे वय पाहून, केसपेपरवर तीन ओळी लिहिल्या जाव्यात: सध्या गर्भनिरोधन काय आहे किंवा त्याची गरज आहे का, मूल हवे असेल तर साधारण किती वर्षांनी, आणि आजची मात्रा फिट थांबवायला लागते तेवढीच आहे की जुनी चिठ्ठी तशीच पुढे चालली आहे. चौथी ओळ तारखेची आणि बोलणाऱ्याच्या नावाची, म्हणजे पुढच्या डॉक्टरला हे कोणी, कधी सांगितले ते कळेल आणि न सांगितलेले असेल तर तेही दिसेल.